अक्षरांचे गणित करणारा संगणक : विद्यापीठातील एका विद्येची ओळख

संगणक म्हणजे अतिशय वेगाने आकडेमोड करणारे यंत्र, असा सर्वसाधारण समज आहे. वीजबिले, पगारपत्रके, परीक्षांचे निकाल, जमिनीचे उतारे ही रोजच्या व्यवहारातील कामे पाहता तो स्वाभाविकही आहे. परंतु माध्यमिक शाळेच्या वर्गात फळ्यावर ‘क्ष’ आणि ‘य’ ही अक्षरे मांडून जे बीजगणित शिकविले जाते, तेही संगणक करू शकतो. कंस सोडविणे, अवयव पाडणे, समीकरणे सोडविणे, विकलन आणि संकलन करणे ही कामे तो आकड्यांत न उतरविता, अक्षरे अक्षरेच ठेवून पार पाडतो. या विद्येस संगणकीय बीजगणित असे म्हणतात. जगातील अनेक विद्यापीठांत गणित आणि संगणकशास्त्र या दोन विभागांच्या सीमेवर तिचे अध्यापन चालते.

ही विद्या कशासाठी आवश्यक आहे, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. फ्रान्समधील खगोलशास्त्रज्ञ शार्ल देलोने यांनी चंद्राच्या गतीचे सूत्र केवळ बीजगणिताच्या आधारे मांडण्याचे काम हाती घेतले. कागद आणि लेखणी एवढ्याच साधनांनी ते सुमारे वीस वर्षे चालले आणि १८६० व १८६७ या वर्षी दोन जाड खंडांच्या रूपाने प्रसिद्ध झाले. पुढे शंभर वर्षे ते संपूर्णपणे तपासून पाहण्याचे साहस कोणी केले नाही. १९७० साली अमेरिकेत देप्री, आंरार आणि रोम या तीन संशोधकांनी तेच गणित संगणकाकडून करवून घेतले. संगणकास त्यासाठी सुमारे वीस तास लागले. देलोने यांच्या प्रचंड कामात केवळ तीन चुका आढळल्या आणि त्यांतील दोन पहिल्या चुकीतूनच उद्भवलेल्या होत्या. एका माणसाच्या चिकाटीचा हा गौरव तर आहेच. शिवाय, जे गणित तपासणे माणसाच्या आवाक्याबाहेर गेले होते ते तपासण्याचे साधन उपलब्ध झाले, हेही त्यातून सिद्ध झाले.

स्थूल उत्तर आणि अचूक उत्तर

नेहमीची संगणकीय आकडेमोड दशांश अपूर्णांकांत चालते व ती बहुधा स्थूल असते. संगणकास ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली असता प्रचलित पद्धतीत तो ०.३०००००००००००००००४ असे उत्तर देतो. धरणाच्या भिंतीवरील दाब किंवा उद्याचे तापमान काढताना एवढी तफावत नगण्य असते. मात्र दोन सूत्रे तंतोतंत समान आहेत काय, एखाद्या समीकरणास पूर्णांकांत उत्तर आहे काय, असे प्रश्न स्थूल उत्तराने सुटत नाहीत. संगणकीय बीजगणितात एक तृतीयांश ही संख्या १ भागिले ३ अशीच साठविली जाते. दोनचे वर्गमूळ हे ‘ज्याचा वर्ग २ आहे अशी धन संख्या’ याच अर्थाने वागविले जाते. त्यामुळे उत्तर अचूक मिळते. मात्र या अचूकतेची किंमत मोजावी लागते. गणित पुढे सरकते तसतसे आकडे आणि पदे फुगत जातात आणि शक्तिशाली संगणकही अडून बसतो. ही फुगवट आटोक्यात कशी ठेवावी, हा या विद्येतील मध्यवर्ती प्रश्न होय.

प्रारंभीची वाटचाल

१९५३ साली अमेरिकेतील दोन वेगवेगळ्या विद्यापीठांत संगणकाकडून विकलन करवून घेण्याविषयी दोन प्रबंध सादर झाले. १९६१ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत जेम्स स्लेगल यांनी संकलनाची उदाहरणे सोडविणारी आज्ञावली तयार केली. तिने ८६ पैकी ८४ उदाहरणे सोडविली. ही आज्ञावली हुशार विद्यार्थ्याप्रमाणे निरनिराळ्या युक्त्या करून पाहत असे. परंतु युक्ती फसली तर उत्तर अस्तित्वातच नाही की केवळ आपल्याला सापडले नाही, हे तिला सांगता येत नसे. १९६८ ते १९७० या काळात रॉबर्ट रिश यांनी या प्रश्नाचे स्वरूपच बदलले. दिलेल्या सूत्राचे संकलन परिचित फलांच्या भाषेत लिहिता येते किंवा नाही, याचा निर्णय करणारी रीत त्यांनी मांडली. युक्तीकडून निश्चित रीतीकडे झालेली ही वाटचाल हाच या शास्त्राचा खरा इतिहास आहे. अशा निश्चित, क्रमवार आणि कोणत्याही उदाहरणास लागू पडणाऱ्या रीतीस अल्गोरिदम म्हणतात.

विद्यापीठात काय शिकवितात ?

विद्यार्थी या विषयाकडे बहुधा पदवीच्या अखेरच्या वर्षात किंवा पदव्युत्तर वर्गात वळतो. त्यापूर्वी त्याने रेषीय बीजगणित, संख्याशास्त्राचे नव्हे तर संख्यांच्या गुणधर्मांचे शास्त्र असलेला अंकसिद्धांत, तसेच गट, वलय आणि क्षेत्र या संकल्पना असलेले अमूर्त बीजगणित शिकलेले असावे अशी अपेक्षा असते. आज्ञावली लिहिण्याचाही थोडा सराव हवा. वर्गात प्रत्येक अल्गोरिदमसंबंधी तीन प्रश्न विचारले जातात. ही रीत निश्चितपणे संपते काय? संपल्यावर मिळणारे उत्तर बरोबरच असते काय? आणि त्यास किती वेळ लागतो? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सिद्धतेने द्यावयाची असतात. शंभर उदाहरणांत रीत चालली, एवढे पुरेसे मानले जात नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व गुणाकारासारख्या साध्या क्रियेतही दिसते. १९६० साली मॉस्को विद्यापीठातील एका चर्चासत्रात थोर गणिती कोल्मोगोरोव यांनी असे अनुमान मांडले की, मोठ्या संख्यांचा गुणाकार शाळेतील रीतीपेक्षा फारसा झटपट होणे शक्य नाही. अनातोली कारात्सुबा या २३ वर्षांच्या विद्यार्थ्याने आठवड्याभरातच ते अनुमान चुकीचे ठरविले. त्याची रीत कोणत्याही वर्गात दाखविता येईल. २३ गुणिले ४१ घ्या. शाळेच्या रीतीत चार लहान गुणाकार लागतात. कारात्सुबाच्या रीतीत तीनच पुरतात. दशकांचा गुणाकार २ × ४ = ८; एककांचा गुणाकार ३ × १ = ३; प्रत्येक संख्येतील अंकांची बेरीज करून त्यांचा गुणाकार ५ × ५ = २५. आता २५ मधून ८ आणि ३ वजा केले की १४ उरतात. उत्तर ८०० अधिक १४० अधिक ३, म्हणजे ९४३. एका गुणाकाराची ही बचत किरकोळ वाटेल. परंतु संख्यांचे पुन्हा पुन्हा दोन भाग करीत हीच युक्ती वापरली तर १,०२४ अंकी दोन संख्यांसाठी १०,४८,५७६ लहान गुणाकारांऐवजी ५९,०४९ गुणाकार पुरेसे होतात.

मसावि आणि कुट्टक

अभ्यासक्रमाचा पाया म्हणजे महत्तम सामाईक विभाजक, अर्थात मसावि काढण्याची युक्लिडची रीत. मोठ्या संख्येस लहान संख्येने भागावे, बाकी घ्यावी, मग त्या बाकीने लहान संख्येस भागावे आणि बाकी शून्य होईपर्यंत हे चालू ठेवावे, ही ती रीत. प्रत्येक वेळी बाकी लहान होत असल्यामुळे ती संपणारच. पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे सहज मिळते. बहुपदींनाही हीच रीत लागू पडते, मात्र येथे फुगवटीचा अनुभव येतो. डोनाल्ड नूथ यांनी १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात याचे एक बोलके उदाहरण दिले आहे. एक बहुपदी आठव्या घाताची, दुसरी सहाव्या घाताची. कोणताही सहगुणक २१ पेक्षा मोठा नाही. अपूर्णांक टाळून युक्लिडची रीत सरळ वापरली तर अखेरीस ३५ अंकी संख्या हाती येते. आणि एवढ्या खटाटोपाचा निष्कर्ष काय, तर या दोन बहुपदींना सामाईक अवयवच नाही!

यावरील उपाय असा की, सर्व सहगुणकांना एखाद्या मूळ संख्येने भागून केवळ बाक्यांवर गणित करावयाचे. १३ ही संख्या निवडली तर कोणताही आकडा १२ च्या पुढे जात नाही. वरील बहुपदींमध्ये सर्वोच्च घाताचे सहगुणक १ आणि ३ आहेत. त्यांस १३ ने भाग जात नाही. म्हणून मूळ बहुपदींना सामाईक अवयव असता, तर तो बाक्यांच्या गणितातही दिसलाच असता. तेथे तो दिसत नाही. म्हणजे मुळातही तो नाही. ३५ अंकी संख्येपर्यंत जाण्याची गरजच उरत नाही.

परंतु १३ ऐवजी ७ ही संख्या निवडली तर काय होते? तेथे दोन्ही बहुपदींना ‘क्ष वजा ४’ हा सामाईक अवयव असल्याचे दिसते, जो वस्तुतः नाही. याचा अर्थ असा की, बाक्यांच्या गणितात अवयव न दिसणे हा पुरावा आहे, पण दिसणे हा पुरावा नव्हे. संगणक ७ निवडूनही तितक्याच आत्मविश्वासाने उत्तर छापेल. कोणते उत्तर ग्राह्य धरावे हे सिद्धता जाणणारा विद्यार्थीच सांगू शकतो.

निरनिराळ्या मूळ संख्यांनी मिळालेल्या बाक्यांवरून मूळ मोठी संख्या परत जुळविणे, हा या रीतीचा पुढील टप्पा. ५ ने भागल्यास २ आणि ७ ने भागल्यास ३ उरतात अशी संख्या कोणती? लहानात लहान उत्तर १७. हा प्रश्न आपल्या परंपरेस नवा नाही. इ. स. ४९९ मधील आर्यभटीयात अशा प्रश्नांची रीत सांगितली आहे. पुढे ती कुट्टक या नावाने ओळखली गेली. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली आणि भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात तिचा विस्तार केला. कुट्टक म्हणजे कुटून बारीक करणे. मोठ्या संख्यांचा प्रश्न भागाकारांनी लहान करीत नेणे. आजचा संगणक बाक्यांवरून मोठी संख्या जुळवितो तेव्हा याच विचाराचा उपयोग करतो.

अवयव आणि समीकरणे

नववीचा विद्यार्थी अवयव पाडतो तेव्हा त्यात अंदाजाचा भाग मोठा असतो. क्षच्या चौथ्या घातात ४ मिळविले तर येणाऱ्या पदावलीचे अवयव पडतील काय, असे विचारल्यास बहुतेक जण नाही म्हणतील. प्रत्यक्षात ‘क्षवर्ग अधिक २क्ष अधिक २’ आणि ‘क्षवर्ग वजा २क्ष अधिक २’ हे तिचे अवयव आहेत; गुणाकार करून पडताळा घेता येईल. १९६७ साली एल्विन बर्लेकँप यांनी बाक्यांच्या गणितात बहुपदीचे अवयव पाडण्याची अंदाजविरहित रीत शोधली. त्या अवयवांवरून मूळ पूर्णांकी अवयवांपर्यंत पोहोचण्याचे मार्ग पुढील काळात सापडले. अवयव पडत नसतील तर ‘पडत नाहीत’ हेही आता खात्रीने सांगता येते.

अनेक अज्ञात राशी असलेल्या समीकरणांचा प्रश्न यापेक्षा कठीण असतो. एकसामयिक समीकरणांत एका राशीचा लोप करून दुसरी काढण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. परंतु राशींचे वर्ग, घन आणि परस्पर गुणाकार आले की ती अपुरी पडते. १९६५ साली ऑस्ट्रियातील इन्सब्रुक विद्यापीठात ब्रुनो बुखबेर्गर या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात यावर सर्वसाधारण रीत मांडली. तिच्यात एका बाजूने युक्लिडची मसाविची रीत आणि दुसऱ्या बाजूने रेषीय समीकरणांतील लोपाची रीत, या दोहोंचा समावेश होतो. मिळणाऱ्या समीकरणसंचास त्यांनी पुढे आपले मार्गदर्शक वोल्फगांग ग्रोबनर यांचे नाव दिले. १९८७ साली बुखबेर्गर यांनी लिंझ येथील विद्यापीठात या विषयाची संशोधन संस्था स्थापन केली. यंत्रमानवाचा हात इच्छित जागी नेण्यासाठी त्याचे सांधे किती अंशांत वळवावेत, अशा प्रश्नांत ही रीत उपयोगी पडते. तिचा दोषही विद्यार्थ्यास शिकविला जातो. ती निश्चितपणे संपते, परंतु काही उदाहरणांत अज्ञात राशी थोड्या वाढताच लागणारा वेळ आणि स्मृती आवाक्याबाहेर जाते.

यंत्राच्या मर्यादा

संगणकाने दिलेले उत्तर म्हणजे अंतिम शब्द, अशी समजूत होण्याचा धोका येथे संभवतो. ‘क्षवर्ग वजा १’ यास ‘क्ष वजा १’ ने भागले की ‘क्ष अधिक १’ उरते, असे आज्ञावली तत्परतेने सांगते. परंतु क्षची किंमत १ असताना मूळ भागाकारास अर्थच नसतो, ही अट उत्तरातून गळून पडलेली असते. क्षवर्गाचे वर्गमूळ क्ष आहे, हे विधानही क्ष ऋण असल्यास चुकीचे ठरते. याहून खोल मर्यादाही आहे. १९६८ साली डॅनियल रिचर्डसन यांनी सिद्ध केले की, परिचित फलांच्या एका बऱ्याच साध्या समूहातील कोणतेही सूत्र सर्वत्र शून्य आहे किंवा नाही, हे नेहमी ठरवू शकेल असा अल्गोरिदम असूच शकत नाही. संगणक कितीही वेगवान झाला तरी ही मर्यादा ओलांडता येणार नाही.

म्हणूनच, यंत्र अवयव पाडून देत असेल तर मुलांना ते शिकवावेच कशाला, या वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तर या विषयातच दडलेले आहे. उत्तर काढण्याचे श्रम यंत्राकडे देता येतात. ते उत्तर कोणत्या अटीवर खरे आहे, याची जबाबदारी देता येत नाही. ज्याने हाताने अवयव पाडलेले नाहीत त्यास यंत्राची चूक ओळखता येणार नाही. शिक्षकांनी वर्गात मुलांकडून प्रथम गणित करवून घ्यावे, नंतर संगणकाचे उत्तर दाखवावे आणि दोहोंत फरक पडल्यास कारण शोधावयास सांगावे, हा क्रम उपयुक्त ठरेल.

व्यवहारातील उपयोग

या विद्येचा लाभ प्रयोगशाळेपुरता मर्यादित नाही. पैसे देण्यासाठी किराणा दुकानात लावलेला क्यूआर कोड थोडा मळला अथवा फाटला, तरी तो वाचता येतो. त्यामागे रीड आणि सॉलोमन यांनी १९६० साली मांडलेली सांकेतिक पद्धती आहे. कोडातील मजकूर बहुपदीच्या रूपात, काही जादा माहितीसह साठविलेला असतो आणि बिघडलेला भाग बाक्यांसारख्याच मर्यादित संख्यासंचातील बीजगणिताने पुन्हा काढला जातो. दुरुस्तीच्या सर्वोच्च स्तरावर सुमारे ३० टक्क्यांपर्यंतचा बिघाड भरून निघतो. भौतिकशास्त्रात नेदरलँड्सचे मार्टिनस वेल्टमन यांनी १९६३ साली लांबलचक बीजगणितासाठी स्वतः आज्ञावली लिहिली. त्यांना १९९९ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आपल्याकडील संधी

भारतातही या क्षेत्रात मोलाचे काम झाले आहे. ऑगस्ट २००२ मध्ये कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे नुकतेच पदवीधर झालेले विद्यार्थी नीरज कयाल व नितिन सक्सेना यांनी, दिलेली संख्या मूळ आहे काय हे खात्रीने आणि वाजवी वेळात ठरविणारा पहिला अल्गोरिदम जाहीर केला. त्याचा गाभा म्हणजे बहुपदींचे बाक्यांतील गणितच होय.

साधनांची अडचणही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. मॅसॅच्युसेट्स येथे १९६८ पासून विकसित झालेल्या मॅक्सिमा या आज्ञावलीच्या पूर्वजास, मॅक्सिमास, त्या काळी खोलीभर पसरलेला संगणक लागत असे. विल्यम शेल्टर यांनी तिची एक आवृत्ती अनेक वर्षे जोपासली आणि १९९८ साली ती सर्वांसाठी खुली करण्याची परवानगी मिळविली. आज मॅक्सिमा, २००५ साली सुरू झालेली सेज आणि पायथन भाषेतील सिमपाय या आज्ञावल्या साध्या संगणकावर विनामूल्य वापरता येतात. इतकेच नव्हे तर त्यांच्या आतील रीती उघडून वाचता येतात. तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याने स्वतः लिहिलेल्या मसाविच्या आज्ञावलीची तुलना जगातील उत्तम आज्ञावलीशी करावी, हे आता सहज शक्य आहे. उणीव भासते ती मार्गदर्शकाची आणि मराठीतील सुबोध पाठ्यसामग्रीची.

या संदर्भात जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखाचे स्मरण उचित ठरेल. इ. स. १२०७ च्या या लेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. लेखाच्या जुन्या मराठीतील भागात पाटणच्या बाजारातील उत्पन्नाचा काही हिस्सा त्या मठास लावून दिल्याचेही नमूद आहे. गणिताच्या अभ्यासाचा भार गावाने उचलावा, ही कल्पना या भूमीत आठशे वर्षांपूर्वी प्रत्यक्षात आली होती. गावच्या शाळेत एक चालू स्थितीतील संगणक, त्यावर एक खुली आज्ञावली आणि ‘हे उत्तर कशावरून खरे?’ असा प्रश्न विचारू देणारा शिक्षक एवढे जुळून आले, तरी कुट्टकाच्या या भूमीतील मुलांना विद्यापीठातील या विद्येची वाट परकी वाटणार नाही.